वरीलप्रमाणे न लिहिणारे मास्तर

सरकारी कचेरीत 'वरीलप्रमाणे' हा शब्द नसता तर निम्म्या फायली लिहूनच झाल्या नसत्या. आमच्या मास्तरांनी तो शब्द उभ्या नोकरीत एकदाही लिहिला नाही. तक्त्यात बारा ओळींना एकच आकडा असला तर ते बाराही वेळा तो आकडा लिहीत. खाली दोन टिंबं देऊन मोकळं होणं त्यांना ठाऊक नव्हतं.

हेडक्लार्क वैतागायचे. "मास्तर, शाई काय घरून आणता का?"

"हो," मास्तर म्हणायचे. आणि खरंच घरून आणायचे.

एकदा मी विचारलं की टिंबं दिली तर बिघडतं काय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वरचा आकडा कुणी खोडला, तर खालच्या अकरा जणांनी काय करायचं? त्यांना कुणी विचारलं होतं का?"

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नगरला कालव्यांच्या पाण्याचं गणित करणारी एक लहानशी कचेरी होती. धरणातून किती पाणी सोडायचं, वाटेत किती मुरणार, शेवटच्या गावाला म्हणजे टेलला किती पोचणार, आणि त्यावरून कुठल्या चारीला, म्हणजे पोटकालव्याला, किती दिवस पाण्याची पाळी द्यायची, हे आम्ही काढायचो. मी तेव्हा चोविशीतला कनिष्ठ अभियंता. मास्तर पन्नाशीचे. खात्यात येण्यापूर्वी ते हायस्कुलात गणित शिकवत, म्हणून मास्तर. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "कनिष्ठ, इकडे ये," एवढंच.

राहायचे सावेडीला. तेव्हा सावेडी म्हणजे गावाबाहेर, ज्वारीच्या रानात चार-दोन घरं. तिथून सायकलवर येत. सायकलला पंप बांधलेला, पंक्चरचं सामान पिशवीत, पिण्याच्या पाण्याची बाटली, स्वतःचा कप. लग्नाच्या पंगतीत बसले की खिशातून कागदाची पुडी काढून स्वतःचं मीठ पानात वाढून घेत. यजमानीण बाई रुसायची. मास्तर म्हणत, "वहिनी, तुमच्या स्वयंपाकाबद्दल शंका नाही. तुमचा वाढपी दुसऱ्या टोकाला आहे, आणि मला भूक आत्ता आहे."

कंजूष मात्र नव्हते. मागाल ते देत, फक्त उसनं देत नसत. मी एकदा त्यांच्याकडे कोष्टकांची वही मागितली. त्यांनी कोरी वही पुढं ठेवली. "उतरवून घे. घेतलंस की ते तुझं. माझी वही माझ्या घरी राहील, तुझी तुझ्या. उद्या मी मेलो तरी तुझं अडायला नको." दोन रविवार मी त्यांच्या ओसरीवर बसून आकडे उतरवले आणि मनात शिव्या दिल्या. ती वही मी नोकरीभर वापरली, हेही सांगून टाकतो.

हा स्वभाव त्यांनी कॉम्प्युटरपाशीही सोडला नाही. खरी भांडणं तिथंच झाली.

आमच्या कचेरीत कॉम्प्युटर नव्हता, फक्त कार्डांना भोकं पाडायचं यंत्र होतं. प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर पाडायची, आठवड्यातून एकदा ते गठ्ठे घेऊन एसटीनं पुण्याच्या केंद्रात जायचं, तिथल्या यंत्राला ते चारायचे आणि छापलेले कागद घेऊन परत यायचं. त्या केंद्राची एक लायब्ररी होती. पुस्तकांची नाही, तयार प्रोग्रॅमच्या तुकड्यांची. वर्गमूळ काढायचा एक तुकडा, तक्ता छापायचा एक, असे. आपल्या गठ्ठ्यात त्या तुकड्याच्या नावाचं एक कार्ड घातलं की यंत्र प्रोग्रॅम चालवायच्या वेळी तो तुकडा लायब्ररीतून उचलून आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यायचं. आम्ही सगळे तसंच करायचो. आमचे गठ्ठे पिशवीत मावत.

मास्तर लायब्ररीला हात लावत नसत. लागेल तो प्रत्येक तुकडा ते स्वतः लिहीत आणि ज्या-ज्या प्रोग्रॅमला लागेल त्या-त्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यात त्याची वेगळी प्रत घालत. नऊ प्रोग्रॅम तर वर्गमूळाच्या नऊ प्रती. त्यामुळं त्यांना पत्र्याची ट्रंक लागायची.

नगरच्या स्टँडवर कंडक्टर ट्रंकेला पाय लावून बघायचा. "मास्तर, काय हाय काय ह्यात? लई जड लागतंय."

"गणित."

"गनिताला येवढं वजन?"

"बाकीच्यांचं गणित पुण्यात ठेवलेलं असतं. माझं माझ्याजवळ असतं."

"मंग लगेजचं तिकीट काढा. गनित बसवून न्यायला ही काय शाळा न्हाई."

पुण्यातला ऑपरेटर आणखी वैतागलेला. यंत्राची स्मृती तेव्हा एवढीशी. मास्तरांचा प्रोग्रॅम सगळा संसार पोटात घेऊन आलेला, तो मावायचाच नाही. "काका, वर्गमूळ आहे हो आमच्याकडे! फुकट आहे! कशाला घरून आणता?" मास्तर खाली बसत, प्रोग्रॅमचे दोन तुकडे करत आणि दोन फेऱ्यांत चालवत. आमचं काम दहा मिनिटांत, त्यांचं पाऊण तासात. आम्ही तोवर चहा पिऊन यायचो.

माझी पुतणी आता पुण्यात कॉम्प्युटरचं शिकते. परवा तिला हे सांगितलं तर हसली. "काका, याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. सगळं आधीच पोटात जोडून न्यायचं. आणि तुमचं ते डायनॅमिकच्या जवळचं. चालवायच्या वेळी बाहेरून जोडायचं." मग म्हणाली, दोन्हीला फायदे-तोटे आहेत, परीक्षेत पाच मार्कांना येतं. मी मान हलवली. मला त्याचे पाच मार्क नाही मिळाले.

तोटे मास्तरांनाही भोगावे लागले, ते लपवत नाही. वर्गमूळाची रीत त्यांनी आणि केंद्रानं एकाच जुन्या पुस्तकातून घेतली होती आणि तीत एक खोट निघाली. आकडा फार लहान असला की यंत्र गोल-गोल फिरत बसायचं. केंद्रानं आपल्या लायब्ररीत चार कार्डं बदलली आणि आम्ही सगळे न कळता दुरुस्त झालो. मास्तरांना नऊ गठ्ठे उघडून नऊ ठिकाणी तीच चार कार्डं पाडावी लागली. आठवडा गेला. आमच्यातला एक जण म्हणाला, "मास्तर, आम्ही झोपेत सुधारलो बघा."

"तेच तर," मास्तर यंत्रावरून मान न उचलता म्हणाले. "झोपेत सुधारतो तो झोपेत बिघडतोही. माझी चूक नऊ घरी राहत होती, नऊ घरी जाऊन मी तिला हाकललं. तुमची कुठं गेली ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो असेन.

इथवर सांगणं सोपं होतं. पुढचं मी घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

वाटेत मुरणाऱ्या पाण्याचं गणित करणारा एक तुकडा मास्तरांनी लिहिला होता. आम्ही त्याला 'गळती' म्हणायचो. दर मैलाला किती पाणी मुरतं त्याचा एक आकडा, त्याला कालव्याची लांबी, वगैरे. उत्तम काम होतं. मी मागितला. मास्तर सवयीनं म्हणाले, "उतरवून घे, तुझा करून घे." मी उतरवून घेतला, पण माझा केला नाही. पुण्याच्या केंद्राकडून परवानगी काढून लायब्ररीत नेऊन ठेवला, म्हणजे आमच्या कचेरीतले सगळे प्रोग्रॅम तोच वापरतील. साहेब खूश झाले. पाठीवर थाप मिळाली.

मास्तरांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर एक कार्ड होतं. ते यंत्रासाठी नव्हतं, वाचणाऱ्यासाठी होतं. 'लांबी मैलांत द्यावी.' मी ते काढून टाकलं. यंत्राला नको असलेलं कार्ड कशाला ठेवायचं?

त्याच वर्षी नवा कालवा सुरू झाला, त्याची सगळी मापं किलोमीटरमध्ये. वरून परिपत्रकही आलेलं, की यापुढे सर्व मापे मेट्रिक. परिपत्रक निघालं म्हणजे बदल झाला असं धरून चालायची आमच्या खात्याची जुनी खोड. मी लायब्ररीतल्या 'गळती'तला मैलाचा आकडा काढला, किलोमीटरचा घातला. एक कार्ड. जुन्या कालव्यावर मात्र अजून मैलाचेच दगड होते आणि शाखेतली माणसं ते दगड वाचूनच लांबी लिहून पाठवत होती. अडतीस. माझा प्रोग्रॅम अडतीस किलोमीटर समजायचा. खरी वाट एकसष्ट किलोमीटरची. म्हणजे कागदावर पाणी कमी मुरायचं आणि टेलला भरपूर पोचायचं. फक्त कागदावर.

मास्तरांच्या ट्रंकेतल्या 'गळती'ला हे काही माहीत नव्हतं. ती आपली मैलातच मोजत राहिली.

रब्बीची दुसरी पाळी ठरवायची होती. पाऊस त्या साली कमी झालेला. साहेबांच्या टेबलावर चार कागद आले. माझ्यासह तिघांचे एकमेकांशी जुळणारे. चौथा मास्तरांचा. तो म्हणत होता, जुन्या कालव्याला आणखी तीन दिवस पाणी सोडलं नाही तर टेल कोरडा जाईल.

साहेब म्हणाले, "मास्तर, तीन जण एक सांगतात. तुम्ही एकटे वेगळं सांगता. आता काय समजायचं मी?"

"तीन जण कुठं आहेत साहेब? एकच माणूस तीन तोंडांनी बोलतोय. तिघांची गळती कुठली आहे, विचारा."

"लायब्ररीतली," मी म्हणालो.

"म्हणजे माझीच ना?"

"तुमचीच."

"मग माझ्याहून वेगळी कशी?" मास्तर माझ्याकडे वळले. "कनिष्ठ, हात लावलास का तिला?"

मी म्हणालो, "मेट्रिक केली फक्त. परिपत्रकाप्रमाणे." आवाज ताठ ठेवला. साहेब लगेच म्हणाले, "बघा! पोरं पुढं गेली, तुम्ही मैलातच बसलात." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "पुण्याहून त्या गळतीची छापील प्रत मागवा," ते म्हणाले. "आणि प्रत येईपर्यंत माझे तीन दिवस धरा. पाणी जास्त गेलं तर माझ्या पगारातून घ्या." साहेबांनी छापील प्रत मागवायला होकार दिला. तीन दिवस दिले नाहीत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या कालव्याची माहितीची कार्डं काढली. टेलची लांबी: अडतीस. मी त्या टेलला मोटारसायकलवर गेलेलो होतो. अडतीस किलोमीटरवर ते गाव नाही हे माझ्या कमरेला ठाऊक होतं. मी कार्डं परत रबरात गुंडाळली, डबा उघडला आणि जेवलो.

भाजी कुठली होती तेसुद्धा आठवतं. ते जाऊ द्या.

पाणी सुटलं, ठरल्या दिवशी बंद झालं. दोन दिवसांनी टेलच्या गावचा एक शेतकरी कचेरीत आला. पटका, हातात गव्हाचं एक उपटलेलं ताट. साहेब दौऱ्यावर होते, म्हणून माझ्या टेबलापुढं उभा राहिला.

"सायेब, पानी सोडनारा पाटकरी म्हनतो कागदावर पानी आलंय. आमच्या चारीत तर धूळ उडतीया."

मी म्हणालो, वर कुणीतरी पाणी तोडलं असेल.

"कुनी तोडंल? वरल्या गावात आमच्या लेकी दिल्यात. त्येंची रानं बी बघून आलो. त्येंनी त्येंच्या पाळीचंच घेतलंय." त्यानं गव्हाचं ताट टेबलावर ठेवलं. "ह्ये बगा. आठ दिसांत पानी न्हाई आलं तर ह्याचं काड बी हुयाचं न्हाई. माजा येक बैल घोडेगावच्या बाजाराला इकायला न्यायची येळ येईल. तुमी येकदा मोजून बगा की परत. चुकत आसंल कुनाचं."

मास्तर पलीकडच्या टेबलावरून उठून आले. त्याला खुर्ची दिली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाले, "चुकलंय. माझं नाही, पण चुकलंय. मी लढतोय." ते माझ्याकडे बघतही नव्हते.

त्या शुक्रवारी पुण्याला जायची पाळी माझी होती. मी लायब्ररीतली 'गळती' दुरुस्त केली. जुना कालवा असेल तर आधी मैलांचे किलोमीटर करायचे. पुन्हा एकच कार्ड. आमचे तिन्ही प्रोग्रॅम त्या क्षणी बरोबर झाले, कुणाला न कळता. मग मास्तरांनी मागितलेली छापील प्रत काढली. ती अर्थातच निर्दोष होती. मीच ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

सगळ्यांचं एकदम सुधारतं हा लायब्ररीचा मोठा गुण. माझा गुन्हाही तिनं तसाच पुसला.

पुढच्या पाळीचे नवे कागद आले. चारही जुळले. साहेबांनी निष्कर्ष काढला की मास्तरांनी मागल्या खेपेला काहीतरी घोळ घातला होता आणि आता मुकाट्यानं निस्तरला. टेलच्या तक्रारीबद्दल वरून विचारणा झालेली, तिला उत्तर द्यायचं होतं. टिपण तयार झालं: 'जुन्या प्रोग्रॅममधील दोषामुळे आकडेवारीत तफावत आली. दोष दूर करण्यात आला आहे.' खाली मास्तरांची सही हवी होती आणि त्याखाली 'पडताळून पाहिले' म्हणून माझी.

साहेबांचा सूर मऊ होता. "मास्तर, एवढी सही करा. विषय मिटला. पाच-सात वर्षं राहिलीत तुमची, इथंच सुखानं काढा."

"दोष नव्हता. दूर केला नाही," मास्तर म्हणाले. "मी एक कार्ड हलवलेलं नाही. ट्रंक आणतो, मोजून घ्या."

"अहो, ट्रंक कोण मोजणार?"

"मग सही कोण मागतंय?"

"सही नाही केली तर मला वेगळा विचार करावा लागेल."

"करा की. विचार करणारा कुणीतरी हवाच होता या कचेरीत."

त्यांनी टिपणावर सहीच्या जागी लिहिलं: 'मान्य नाही. वरील मजकूर खोटा आहे.' आणि मग तो सगळा मजकूर, शब्दन् शब्द, खाली पुन्हा लिहून काढला, प्रत्येक वाक्यापुढं 'हे खोटे' असं लिहीत. साहेब लाल झाले. कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. पेन घसरलं नाही, हात कापला नाही. असं काही होत नसतं.

पंधरा दिवसांत मास्तरांची बदली झाली, अकोले तालुक्याच्या डोंगरात, पाऊस मोजायला. निरोप समारंभाला ते आले नाहीत. त्यांचं म्हणणं, "हार तुमचा, भाषण तुमचं, चहा तुमचा. माझं काय त्यात?" एसटीच्या टपावर ट्रंक चढवायला मात्र मी गेलो होतो. कुणीतरी विचारलं, "मास्तर, तिकडं कॉम्प्युटर नाही, ही कार्डं कशाला नेता?" मास्तर टपावरून दोरी आवळत म्हणाले, "बरोबर उत्तरं आहेत ती. इथं कुणाला लागत नाहीत."

तीनेक वर्षांनी कामानिमित्त मी भंडारदऱ्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या खोलीवर थांबलो. भातखाचरांच्या कडेला एक खोली, बाहेर पावसाचं मोजभांडं. त्यांनी स्टोव्हवर चहा केला. "तुझा कप?" त्यांनी विचारलं. मी कप कुठून आणणार? त्यांनी त्यांचा मला दिला आणि स्वतः तांब्यातून प्यायले. बराच वेळ पावसाबद्दल बोललो. मग त्यांनी विचारलं, "काही सांगायला आला होतास?"

"नाही. सहज."

"बरं," ते म्हणाले. "चहा संपव."

त्यांना माहीत होतं की नाही, हा प्रश्न मी पुढं वीस वर्षं स्वतःला विचारत राहिलो. माहीत नसेल असं ठरवलं की झोप लागायची.

टेलच्या त्या शेतकऱ्याचा बैल त्या हंगामात बाजारात गेला. हे मला पाटकऱ्यानं सांगितलं, मी न विचारता. मी चढत गेलो. आज त्याच कचेरीत साहेबांच्या खुर्चीवर बसतो. गेल्या महिन्यात मास्तर गेल्याचं कळलं. अकोले तालुक्यातच. निवृत्तीनंतर ते परत आलेच नव्हते.

मी खाली रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथल्या बाई माझ्याइतक्याच जुन्या. फाईल काढून दिली, पण म्हणाल्या, "साहेब, ही नष्ट करायच्या यादीत आहे. सोमवारी रद्दी जाणार. कशाला हवी?"

टिपण सापडलं. मास्तरांची ती लांबलचक नामंजुरी. त्याखाली 'पडताळून पाहिले' आणि माझी तरुण, टोकदार सही. आणि तिच्या शेजारी, कागदाच्या कडेला, पेन्सिलीनं, मास्तरांच्या अक्षरात: 'याने पडताळले होते. जेवणाच्या सुट्टीत. मी पाहिले.'

बदलीच्या आधी कधीतरी त्यांनी फाईल मागून घेतली असणार. कुणीही उघडलं असतं तर दिसलं असतं. कुणी उघडलं नाही. मीही नाही.

मी तिथंच, रॅकला टेकून, कोरा कागद मागितला. लिहिलं की जुन्या कालव्याची लांबी मैलांत होती, ती मी किलोमीटर धरली. दोष माझ्या दुरुस्तीत होता. मास्तरांचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. दोष मला त्याच दुपारी कळला होता, आणि मी तो लपवला. टेलचं पाणी त्यामुळं गेलं. मग कागद फाईलला लावला आणि बाईंना म्हणालो, "ही यादीतून काढा. कायमची ठेवा. आणि याची एक प्रत वर पाठवायची आहे."

बाईंनी उभ्या-उभ्या वाचलं. "साहेब, दोन वर्षं राहिलीत तुमची," त्या हळूच म्हणाल्या. "पेन्शनचं बघतील की हो."

"बघू द्या."

त्यांनी कागद फाईलमध्ये नीट बसवला. मग शिक्का काढला. "तारीख कुठली टाकू? त्या वेळचीच टाकते, म्हणजे जुन्यात जुनं खपून जाईल."

"नाही," मी म्हणालो. "आजची टाका."